सदनिका-विक्रीतील परिभाषा : अर्थ, टप्पे आणि विक्रेत्यावरील परिणाम

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नोंदणीकृत दस्तांत विक्रेत्याचा उल्लेख ‘लिहून देणार’ आणि खरेदीदाराचा उल्लेख ‘लिहून घेणार’ असा केला जातो. ही शब्दयोजना जुनी असली तरी अचूक आहे. घर विकणारा प्रत्यक्षात एकापाठोपाठ एक कागद लिहून देत असतो आणि प्रत्येक कागदागणिक त्याच्या हातून काहीतरी जात असते. कोणत्या कागदाने नेमके काय गेले, याची त्याला बहुधा स्पष्ट कल्पना नसते. खरेदीदाराने घ्यावयाच्या दक्षतेविषयी पुष्कळ लिहिले जाते. विक्रेत्याविषयी तितके लिहिले जात नाही. पैसे त्याला मिळावयाचे असल्यामुळे तो सुरक्षितच आहे, असे गृहीत धरले जाते.

प्रस्तुत लेखात पुणे-मुंबईसारख्या शहरांतील जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीचा विचार केला आहे. निवृत्तीच्या सुमारास मोठे घर विकून लहान घर घेणारा, अथवा आईवडिलांच्या पश्चात त्यांची सदनिका विकणारा नोकरदार विक्रेता येथे डोळ्यांसमोर आहे. अध्यापकवर्गातील अनेकांना असा व्यवहार आयुष्यात एकदाच करावा लागतो. त्यांच्या समोर बसलेला दलाल तो वर्षभर करीत असतो. बोलण्यात ‘व्यवहार झाला’ असे सहज म्हटले जाते. परंतु विसार देणे, साठेखत होणे, खरेदीखत होणे आणि ताबा देणे या चार गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत, आणि विक्रेत्याचे नुकसान बहुतेक वेळा त्या एकच मानल्यामुळे होते.

विकले जाते ते नेमके काय?

सदनिकेचा मालक स्वतःला घराचा मालक समजतो आणि व्यवहारापुरते ते चुकीचेही नाही. मात्र फाईल उघडल्यावर त्याला आपल्या नावाचे खरेदीखत सापडतेच असे नाही. विकासकाकडून घर घेतले असल्यास तेथे ‘करारनामा’ असतो. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्याने, म्हणजे व्यवहारात ‘मोफा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, असा करारनामा लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. जमीन आणि इमारत यांचे हस्तांतरण विकासकाने पुढे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे करावयाचे असते. या हस्तांतरणास ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. म्हणजे जमीन व इमारत संस्थेची, आणि सभासदाकडे संस्थेचे भाग व त्या भागांशी निगडित असा सदनिकेच्या भोगवट्याचा हक्क. भागदाखल्यावर पाच किंवा दहा भाग, प्रत्येकी ५० रुपये, अशी नोंद असते. लाखो रुपयांच्या घराशी जोडलेला हा पाचशे रुपयांचा कागद म्हणून हलका लेखता येत नाही. तो हरवल्यास विक्री अडते आणि दुय्यम प्रत मिळविण्यात वेळ जातो.

अनेक विकासकांनी अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे केलेच नाही. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ ही संकल्पना आली. विकासकाने टाळाटाळ केल्यास संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करू शकते. विक्रेत्याच्या दृष्टीने याचे महत्त्व किमतीत आहे. जमीन संस्थेच्या नावावर नसेल तर पुनर्विकासाची वाट बिकट होते, आणि जुन्या इमारतीतील सदनिकेला मिळणाऱ्या किमतीत पुनर्विकासाच्या अपेक्षेचा वाटा मोठा असतो.

पुण्यात विशेषत्वाने आढळणारा दुसरा प्रकार ‘अपार्टमेंट’चा आहे. बोलण्यात प्रत्येक इमारतीला अपार्टमेंट म्हटले जाते. पण १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात या शब्दाला निश्चित अर्थ आहे. तेथे ‘घोषणापत्र’ नोंदवले जाते, प्रत्येक घराचे स्वतंत्र ‘अपार्टमेंट खत’ होते आणि त्यासोबत जमिनीतील अविभाज्य हिस्सा मिळतो. अशा ठिकाणी भागदाखला नसतो, तो मागण्यात अर्थही नसतो. विक्रेत्याने जाहिरात देण्यापूर्वीच आपले घर यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे पाहिले, तर पुढील निम्मे गैरसमज टळतात.

‘भोगवटा’ हा शब्दही दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. इमारत मंजूर आराखड्याप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य आहे, असे स्थानिक प्राधिकरणाने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे ‘भोगवटा प्रमाणपत्र’. महसुली अभिलेखातील ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद मात्र जमिनीविषयी असते. शासनाने निर्बंधांसह दिलेल्या जमिनीवर संस्था उभी असेल, तर सदनिकेच्या हस्तांतरणासही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्यासाठीचे अधिमूल्य यांचा प्रश्न येतो. हे खरेदीदाराच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा विक्रेत्याने आधीच मिळकतपत्रिका पाहून जाणून घेणे इष्ट.

विसार

विसार, इसार किंवा बयाणा ही व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम होय. खरेदीदाराने माघार घेतल्यास विसार बुडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या प्रकरणात २०१२ मध्ये विसार आणि किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम यांतील भेद स्पष्ट केला. कराराच्या पूर्ततेची हमी म्हणून दिलेली रक्कम कराराच्या अटींनुसार जप्त करता येते. केवळ किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम तशी जप्त करता येत नाही. रक्कम कोणत्या स्वरूपाची आहे हे पावतीतील शब्दांवरून ठरते. ‘टोकन’ एवढेच लिहिलेल्या पावतीतून यांपैकी काहीच निश्चित होत नाही, आणि घरविक्रीतील सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द दुर्दैवाने हाच आहे.

विसाराची रक्कम रोखीने घेण्याची प्रथाही कालबाह्य झाली आहे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली, आणि स्वीकारलेल्या रकमेएवढा दंड ठेवला. हा दंड रक्कम घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर पडतो.

साठेखत आणि खरेदीखत

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये विक्री आणि विक्रीचा करार यांत स्पष्ट फरक केला आहे. ठरलेल्या अटींवर पुढे विक्री होईल असे सांगणारा तो विक्रीचा करार. त्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. साठेखत हा असा करार आहे. मालकी देणारा दस्त म्हणजे खरेदीखत. तत्त्व इतके सरळ आहे.

गुंतागुंत निर्माण होते ती मुद्रांक शुल्कामुळे. ज्या करारानुसार ताबा दिला आहे किंवा द्यावयाचे ठरले आहे, तो करार महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार शुल्काच्या प्रयोजनासाठी अभिहस्तांतरणच मानला जातो. त्यामुळे साठेखतावरच पूर्ण शुल्क भरले जाते आणि पुढे त्याच पक्षांमध्ये खरेदीखत करताना ते जमेस धरले जाते. पूर्ण शुल्क भरले, दुय्यम निबंधकापुढे छायाचित्रे व अंगठे झाले, सूची क्रमांक दोनचा उतारा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’, हाती आला. यानंतर मालकी गेली नाही असे सामान्य माणसाला पटणे कठीण असते. वस्तुतः शुल्क भरणे हा महसुलाचा विषय आहे आणि मालकीचे हस्तांतरण हा हक्काचा विषय आहे. पुनर्विक्रीच्या दस्ताच्या शीर्षकावरूनही निर्णय करू नये. ‘करारनामा’ या नावाखाली काही दस्तांत हक्क तत्काळ हस्तांतरित केल्याची वाक्ये असतात, काहींत पुढे खरेदीखत करून देण्याची हमी असते. विक्रेत्याने ते परिच्छेद स्वतः वाचावेत, कारण शिल्लक रक्कम येण्यापूर्वी आपण काय देऊन बसलो हे त्यांतच असते.

साठेखताने मालकी जात नाही याचा अर्थ विक्रेता मोकळा राहतो असाही नाही. साठेखतानंतर अधिक भाव देणारा ग्राहक आला म्हणून मागे फिरता येईल, ही समजूत आज विशेष धोक्याची आहे. करार प्रत्यक्ष पार पाडून द्यावा असा आदेश देणे पूर्वी न्यायालयाच्या स्वेच्छाधिकारात होते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने हा स्वेच्छाधिकार मोठ्या प्रमाणात संपुष्टात आणला. उलट दिशेनेही अडचण आहे. खरेदीदाराचे कर्ज मंजूर झाले नाही आणि तो गप्प बसला, तर नोंदणीकृत साठेखत तोंडी किंवा साध्या पत्राने रद्द होत नाही; त्यासाठी नोंदणीकृत रद्दलेख लागतो आणि त्यावर खरेदीदाराची सही लागते. ती मिळाली नाही तर दुसरा ग्राहक उभा असूनही घर विकता येत नाही. म्हणून रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या टप्प्यांत आणि न आल्यास काय, ही कलमे विक्रेत्याने दलालाच्या छापील मसुद्यावर सोडू नयेत.

दस्त निष्पादित झाल्यापासून, म्हणजे त्यावर सह्या झाल्यापासून, चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावयाचा असतो. दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. नोंदणी नंतर झाली तरी दस्त निष्पादनाच्या तारखेपासून परिणामकारक होतो, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ४७ सांगते. अर्थात ‘नोंदणी व्हायची आहे’ म्हणून सही केलेला कागद निरुपद्रवी ठरत नाही.

कुलमुखत्यारपत्राविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ते प्रतिनिधी नेमण्याचे साधन आहे, विक्रीचे नव्हे. सूरज लॅम्प या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. मुलगा किंवा मुलगी परदेशात असून सहमालक असेल, तर त्यांनी तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र उपयोगी पडते. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

क्षेत्रफळाचे शब्द

‘चटई क्षेत्र’ हा मराठीतील एक सुंदर प्रतिशब्द आहे. चटई अंथरता येईल एवढी जागा. दुर्दैवाने बांधकामाच्या अनुज्ञेय प्रमाणासाठी ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ हा शब्द रूढ झाला. या निर्देशांकाचा चटईशी काही संबंध नाही, कारण त्यात भिंतींसह बांधकाम मोजले जाते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, चटई क्षेत्राची व्याख्या केली : सदनिकेतील निव्वळ वापरण्यायोग्य क्षेत्र, ज्यात आतील भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, सेवा-वाहिन्यांच्या पोकळ्या, खासगी बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळली जाते. ‘बांधीव क्षेत्र’ भिंतींसह असते. ‘सुपर बिल्टअप’मध्ये जिना, उद्वाहन, प्रवेशदालन यांचा वाटा मिसळला जातो, आणि तो किती मिसळावा याला कायद्याचे माप नाही.

पूर्वी घेतलेल्या घराच्या करारनाम्यात बहुधा बांधीव किंवा सुपर बिल्टअप आकडा असतो आणि विक्रेता तोच आकडा वर्षानुवर्षे सांगत आलेला असतो. ६० चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट चटई क्षेत्राचे घर जाहिरातीत ‘नऊशेचे’ होते. किंमत एकूण रकमेत ठरली असेल तर विशेष बिघडत नाही. दर चौरस फुटाने ठरली असेल, तर मोजणीच्या दिवशी वाद होतो. दस्तात मूळ करारनाम्यातील क्षेत्र तसेच ठेवून ते कोणत्या प्रकारचे आहे हे लिहावे. वाहनतळाबाबतही हीच दक्षता हवी. इमारतीच्या खांबांमधील मोकळी जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० मध्ये दिला. संस्थेने सभासदाला नेमून दिलेली अशी जागा ‘माझी’ म्हणून वेगळ्या किमतीला विकणारा विक्रेता आपल्याकडे नसलेली वस्तू विकत असतो.

मोबदला, बाजारमूल्य आणि कर

दस्तात दोन आकडे शेजारी-शेजारी असतात : ‘मोबदला’ आणि ‘बाजारमूल्य’. मोबदला म्हणजे पक्षांत ठरलेली किंमत. बाजारमूल्य म्हणजे मात्र बाजारात मिळणारा भाव नव्हे. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यांनुसार, म्हणजे ‘रेडी रेकनर’नुसार, काढलेली ती किंमत असते. दोहोंपैकी जी अधिक तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते. वेगळे ठरले नसेल तर हे शुल्क खरेदीदाराने भरावयाचे असल्याने विक्रेता या आकड्याकडे पाहतच नाही.

त्याने तो पाहिला पाहिजे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५०सी नुसार मोबदला मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर ते मूल्य हीच विक्रीची किंमत धरून भांडवली नफा काढला जातो. तफावत १० टक्क्यांपर्यंत असल्यास सूट आहे. समजा, जुन्या इमारतीतील उद्वाहन नसलेल्या घराला ९० लाख रुपये मिळाले आणि तक्त्यानुसार मूल्य १ कोटी ४ लाख निघाले. सवलतीची मर्यादा ९९ लाखांपर्यंतच जाते. म्हणून १ कोटी ४ लाख रुपये मिळाले असे मानले जाते. न मिळालेल्या १४ लाखांवर १२.५ टक्के दराने, उपकर व अधिभार सोडून, १ लाख ७५ हजार रुपये कर येतो. अशा वेळी कर-निर्धारण अधिकाऱ्याकडे हे मूल्य वास्तवापेक्षा अधिक असल्याचा दावा करून मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेच आहे.

‘भांडवली नफा’ म्हणजे हाती आलेली सगळी रक्कम नव्हे. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी त्या दिवशीचे रास्त मूल्य खरेदी-किंमत म्हणून घेता येते. वारसाने आलेल्या घरासाठी मूळ मालकाची किंमत व त्याचा धारणकाळ धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के हा दर आला; त्यापूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, गुंतविलेल्या नफ्यावर सवलत मिळते.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का रक्कम कापून विक्रेत्याच्या नावे शासनाकडे भरतो. ही दलाली नाही आणि तोटाही नाही. विक्रेत्याच्या कराची ती आगाऊ वसुली आहे. सहमालक अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला ५० लाखांची मर्यादा आणि १ टक्क्याचा दर दोन्ही लागू होत नाहीत. कपात बरीच मोठी होते, आणि ती कमी करण्याचे प्रमाणपत्र व्यवहारापूर्वीच मिळवावे लागते.

नामनिर्देशित, वारस आणि मालक

आईवडिलांच्या पश्चात घर विकताना सर्वाधिक घोटाळा ‘नॉमिनी’ या शब्दाने होतो. वडिलांनी संस्थेकडे थोरल्या मुलाचे नाव नामनिर्देशित केले, संस्थेने भागदाखल्यावर त्याचे नाव चढविले, आणि त्याने स्वतःला एकटा मालक समजून साठेखत केले, ही घटना दुर्मीळ नाही. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळ करणारी असते. विम्याच्या संदर्भात सरबती देवी प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या स्वतंत्र प्रकरणात तर अशा व्यक्तीसाठी ‘तात्पुरता सभासद’ असाच शब्द योजला आहे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचा समान हक्क असतो. इतर वारस घर एकाला सोडणार असतील तर नोंदणीकृत ‘हक्कसोडपत्र’ करावे लागते, नाहीतर सर्वांनी ‘लिहून देणार’ म्हणून सह्या कराव्या लागतात. विवाहित बहिणीची केवळ तोंडी संमती पुरेशी नसते. ‘बक्षीसपत्र’ हयातीत आणि तत्काळ परिणामकारक होते, मृत्युपत्र मृत्यूनंतर. या दोहोंची अदलाबदल झाल्याने राहते घर हयातीतच दुसऱ्याचे झाल्याचे उशिरा ध्यानात आलेले ज्येष्ठ नागरिक न्यायालयांत दिसतात.

बोजा, ना-हरकत आणि ताबा

खरेदीखतात विक्रेता मिळकत ‘निर्वेध व बोजारहित’ असल्याची हमी देतो. हा अलंकारिक मजकूर नसून जबाबदारी आहे. पुढे बोजा निघाल्यास भरपाई त्याला करावी लागते. गृहकर्ज हा नेहमीचा बोजा. मूळ दस्त अधिकोषाकडे ठेवून केलेले गहाण कर्ज फिटले म्हणजे संपते, पण मूळ कागद परत आल्याशिवाय विक्री पुढे सरकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बंधनकारक आहे. स्वतःच्या चुकीने झालेल्या विलंबासाठी कर्जदात्याने दररोज ५,००० रुपये द्यावयाचे असतात.

संस्थेच्या ‘ना-हरकत’ पत्राविषयीही गैरसमज आहे. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी सभासदाने १५ दिवसांची सूचना द्यावयाची असते. ना-हरकत पत्र ही हस्तांतरणाची पूर्वअट नाही. ते मागतो तो बहुधा खरेदीदाराला कर्ज देणारा अधिकोष. हस्तांतरण-अधिमूल्याची कमाल मर्यादा ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये ठरवली. त्यापलीकडे ‘इमारत निधी’ किंवा ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून केलेली मागणी नियमबाह्य असते. बहुतेक विक्रेते घाईपोटी ती पुरी करतात.

शेवटचा आणि सर्वांत कमी विचार झालेला शब्द म्हणजे ताबा. संपूर्ण रक्कम मिळण्यापूर्वी, केवळ सामान हलविण्याची किंवा रंगकामाची सोय म्हणून किल्ल्या दिल्या जातात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ नुसार, नोंदणीकृत लेखी करारान्वये ताबा घेतलेला आणि आपली बाजू पुरी करण्यास तयार असलेला खरेदीदार त्या ताब्याचे संरक्षण मागू शकतो. विक्रेत्याच्या बाजूने कलम ५५ आहे. खरेदीखत होऊन मालकी गेली असली तरी न मिळालेल्या किमतीपुरता त्याचा मिळकतीवर भार राहतो. पण तो भार न्यायालयातून वसूल करावा लागतो, आणि दस्तात ‘संपूर्ण रक्कम पावली’ असे लिहून दिले असेल तर तो सिद्ध करणेच कठीण होते. यासाठी कर्जाची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा-पावतीवर सही करावी. तिच्यावर तारीख, वीजमापकाचा आकडा, दिलेल्या किल्ल्यांची संख्या आणि त्या दिवसापर्यंतचा मालमत्ताकर व देखभाल-शुल्क कोणी भरले, एवढ्या नोंदी असाव्यात.